गल्लीतली चावी

नागपूरच्या उन्हाळ्यात जलप्रदाय खात्यात काम करणं काय असतं, हे मार्च ते जूनमध्ये ज्याने तिथला फोन उचललाय त्यालाच कळतं. उजाडायच्या आत पहिला फोन: नळच आला नाही. मग दुसरा: नळ आला, पण धार करंगळीएवढी. त्यानंतर नगरसेवकाचा. मी कनिष्ठ अभियंता होतो. पेंच आणि कन्हानहून पाणी यायचं, शुद्ध व्हायचं, जलकुंभात चढायचं, इथवर सगळं मोजलेलं असे. जलकुंभातून खाली सुटलं की त्यातल्या निम्म्याहून अधिक पाण्याचा हिशेब लागत नसे. गळती, चोरीच्या जोडण्या, बंद पडलेले मीटर, तोटी नसलेले सार्वजनिक नळ, या सगळ्यांत ते जिरून जाई.

या पार्श्वभूमीवर धरमपेठ झोनमध्ये पंधरा हजारांच्या आसपास जोडण्यांवर 24 तास पाण्याचा प्रयोग करायचं ठरलं आणि ते काम फ्रान्सच्या व्हिओलिया कंपनीकडे गेलं. आमच्यातल्या बहुतेकांचा त्यावर विश्वास नव्हता. दोन तास द्यायला पाणी पुरत नाही, चोवीस तास कुठून देणार, हा अगदी सरळ प्रश्न होता. पुढे 2011 मध्ये सगळ्या शहरासाठी करार झाला. व्हिओलिया आणि नागपूरच्या विश्वराज यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी काढली आणि मार्च 2012 पासून पाणी चालवण्याचं काम 25 वर्षांसाठी तिच्याकडे आलं.

त्या काळात मी जिथे जाईन तिथे एकच वाक्य ऐकलं, ‘‘पाणी विकलं म्हणे तुम्ही!’’ चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, माझ्या घरीसुद्धा. लोकांचा राग मला समजत होता, कारण ज्याच्यावाचून माणूस जगत नाही ती वस्तू कोणाच्या तरी नफ्याशी बांधली जाणार होती. ही धास्ती खोटी नाही आणि आजही मी तिला हसण्यावारी नेत नाही. पण विकलं काय आणि दिलं काय, हे नीट सांगायला हवं. धरणाचं पाणी सरकारचं, आणि जलकुंभ, नळवाहिन्या महापालिकेच्याच राहिल्या. दर ठरवायचा अधिकारही महापालिकेकडे राहिला. जाळं सुधारायच्या खर्चातला 70 टक्के वाटा जेएनएनयूआरएम योजनेतून केंद्र आणि राज्य सरकारचा, 30 टक्के कंपनीचा. आणि कंपनीचा मोबदला तिने किती पाणी सोडलं यावर ठरत नव्हता, लोकांपर्यंत पोहोचून ज्याचं बिल झालं त्या पाण्यावर ठरत होता. माझ्या मते अख्ख्या करारातलं हे सर्वांत शहाणपणाचं कलम होतं. जमिनीत जिरलेल्या थेंबाचे पैसे कोणालाच मिळत नव्हते.

24 तास पाणी ही चैन आहे असं अजूनही पुष्कळांना वाटतं. मला त्याचं उत्तर एका कापलेल्या पाइपने दिलं. जुन्या घरजोडण्या लोखंडी जीआय पाइपच्या आणि बहुतेक सगळ्या नालीतून गेलेल्या. त्या काढून एमडीपीई प्लास्टिकचे निळे पाइप टाकायचं काम सुरू होतं. एका घरासमोर प्लंबरने जुना पाइप करवतीने कापून माझ्या हातात दिला. अर्धा इंची पाइप, पण आत गंजाच्या गाठी चढून चढून जेमतेम पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं. बाहेरून, नालीत बुडालेल्या भागाला, नख लावलं तर पापुद्रा निघत होता आणि त्याखाली दोन ठिकाणी आरपार छिद्र. नळ चालू असताना त्या छिद्रातून पाणी बाहेर जातं, तो तोटा पैशांचा. नळ गेल्यावर पाइप रिकामा होतो, त्यात शेजारच्याने पाणी ओढायला टिल्लू पंप लावलेला असतो, आणि त्याच छिद्रातून नाली आत ओढली जाते. मग दुसऱ्या दिवशी पहिल्या बादलीला वास येतो, आणि पावसाळ्यात घराघरांत गॅस्ट्रो. पाइपात सतत दाब असेल तर घाण आत येऊच शकत नाही. चोवीस तासांचा खरा अर्थ एवढाच आहे. शिवाय पाणी कायम असलं की कोणी साठवत नाही, आणि ताजं आलं म्हणून कालचं ओतूनही देत नाही.

पण दाब टिकवायचा तर आधी शहराचे तुकडे पाडावे लागतात. एक जलकुंभ, त्याच्या खालचा ठराविक भाग, आत येणारी वाट एकच, आणि तिच्यावर मोठा मीटर. आम्ही त्याला कमांड एरिया म्हणायचो. भाग खरोखर सुटा झाला की नाही हे पाहायला झिरो प्रेशर टेस्ट करतात: मध्यरात्रीनंतर तोंडाचा व्हॉल्व बंद करायचा आणि आतल्या नळांवर गेज लावून बसायचं. काटा शून्यावर आला तर भाग सुटा. आला नाही तर कुठून तरी दुसरं पाणी शिरतंय.

एका भागात काटा शून्यावर येईनाच. कंपनीची तरुण मुलं जीपीएस घेऊन आलेली, नकाशा पक्का केलेला, सगळे व्हॉल्व बंद. टेस्ट दुसऱ्यांदा केली, तरी तेच. शेवटी मी आमच्या जुन्या चावीवाल्याला बोलावून आणलं. सगळे त्यांना मामा म्हणायचे. व्हॉल्व फिरवायची लांब टी-आकाराची चावी खांद्यावर घेऊन सायकलवरून फिरण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी नकाशा हातातही धरला नाही. चौकात उभे राहिले, पायाने डांबर चाचपलं आणि म्हणाले, ‘‘साहेब, इथं दोन व्हॉल्व हायेत. एक दिसते, दुसरा डांबराखाली गेला.’’ मग जो दिसत होता त्यावर चावी लावली. ‘‘आन हा उलट्या आट्याचा हाये. बंद कराले डावीकडे फिरवा लागते. तुम्ही बंद समजून पुरा उघडून ठेवला.’’

त्यांनी चावी डावीकडे फिरवत नेली. गेजजवळच्या मुलाने आवाज दिला, काटा उतरतोय. दुसऱ्या दिवशी डांबर खोदलं तर दुसरा व्हॉल्वही निघाला. त्या मुलाने मामांना विचारलं, ‘‘हे लिहून का नाही ठेवलं कुठे?’’ मामा म्हणाले, ‘‘कोणी विचारलंच नाही, बाप्पा.’’ मग पुढचे कित्येक दिवस ती मुलं मामांच्या मागे गल्ल्यागल्ल्यांत फिरली आणि एकेक व्हॉल्व नकाशावर चढवत गेली. यंत्रं आणि पद्धत कंपनीने आणली, हे मान्य करायला मला कधीच जड गेलं नाही. पण ती पद्धत चालायला जी माहिती लागली ती महापालिकेच्या माणसाच्या डोक्यात होती. भागीदारी म्हणतात ती मला त्या चौकात दिसली, सह्या झाल्या त्या कागदावर नव्हे.

झोपडपट्टी वस्त्यांमधलं काम मला सर्वांत जवळचं वाटतं. सार्वजनिक नळावर घागरींची रांग, त्यावरून भांडणं, शाळा बुडवून नंबर लावून बसलेल्या मुली, हे सगळं मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. तिथे घरोघरी जोडणी द्यायची म्हटल्यावर बाया खूश होतील असं आम्हाला वाटलं, पण आधी आली ती काळजी. बिल किती येईल? मजुरी नसलेल्या महिन्यात भरायचं कुठून? त्यांच्या काळजीला करारात कुठेच उत्तर नव्हतं. ते उत्तर दर आणि सवलत ठरवणाऱ्या सभागृहाने द्यायचं असतं, आणि म्हणूनच दराचा अधिकार महापालिकेकडे राहणं मला इतकं मोलाचं वाटतं. एका बाईंनी पहिलं बिल घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं. मी म्हटलं, भरायचंय ना? त्या म्हणाल्या, ‘‘भरीन तर भाऊ, पण यावर माझं नाव अन् पत्ता हाये. उद्या कोणी उठवाले आलं तर दाखवीन.’’

पाच वर्षांत सबंध शहराला 24 तास पाणी, असं ठरलं होतं. तसं झालं नाही. काही भागांत झालं, काही भागांत नळ अजून ठराविक वेळीच येतो. त्याची कारणं सांगायला दोन्ही बाजूंकडे फायली आहेत, त्यात मी शिरत नाही. एक कारण मात्र फायलीबाहेरचं आहे. 2019 च्या पावसाळ्यात पेंचवरचा तोतलाडोह जलाशय कोरडा पडला. वर मध्य प्रदेशात पेंचवर चौराई धरण झालं आणि खाली येणारा ओघ आटला. त्या जुलैत नागपुरात दिवसाआड पाणी द्यावं लागलं. नदीत नसलेलं पाणी कोणतीही कंपनी आणू शकत नाही आणि कोणतीही महापालिकाही नाही. कंपनी आली म्हणजे पाणी वाढलं असं समजणाऱ्यांना आणि कंपनी गेली की वाढेल असं सांगणाऱ्यांनाही हे ठाऊक असावं.

लोक मला विचारतात, मग खासगी चांगलं की सरकारी? पॅरिसमध्ये 1985 पासून दोन खासगी कंपन्या पाणी पुरवत होत्या, त्यातल्या एकीची आजची वारस म्हणजे हीच व्हिओलिया. 2010 मध्ये पॅरिसने ते काम परत आपल्या हातात घेतलं आणि ‘ओ द पारी’ ही स्वतःची संस्था उभी केली. म्हणजे त्या शहराने पाणी परत घेतल्यावर दोनच वर्षांत आपल्या शहराने ते चालवायला दिलं. इकडे औरंगाबादेत समांतर जलवाहिनीसाठी 2011 मध्ये करार झाला, 2014 मध्ये पाणी दुसऱ्या एका कंपनीकडे गेलं आणि 2016 मध्ये करार मोडला. जायकवाडी धरणातून येणाऱ्या त्या दुसऱ्या, समांतर वाहिनीची वाट तिथले लोक पुढेही पाहतच राहिले. पॅरिसला परत घेता आलं, कारण परत घेतलेलं चालवायला लागणारी माणसं आणि माहिती त्यांनी जमवली होती. औरंगाबादेत करार मोडला तेव्हा जाळं जुनंच होतं आणि वर्षं हातची गेली होती. माझं मत या दोन शहरांनी पक्कं केलं: पाणी कोणी चालवायचं हा प्रश्न दुसरा आहे. चालवणाऱ्याला तपासण्याइतकं ज्ञान शहराकडे आहे का, हा पहिला. बिल झालेल्या घनमीटरवर पैसे द्यायचे तर तो घनमीटर खरा आहे की नाही, हे दुसऱ्या बाजूच्या माणसाला स्वतः मीटरजवळ वाकून पाहता आलं पाहिजे.

मामा कधीच निवृत्त झाले, मीही झालो. खात्यातल्या आमच्या पिढीने जमिनीखालचं शहर हातांनी ओळखलं होतं. चालवण्याचं काम दुसऱ्याकडे गेलं की ही ओळख आपोआप पुसत जाते, त्यासाठी कोणाला वाईट वागावं लागत नाही.

नागपूरचा करार 2037 मध्ये संपतो. तेव्हा तो वाढवायचा, बदलायचा की मोडायचा, हे त्या वेळचे नागपूरकर ठरवतील. त्यांना ते ठरवता यावं म्हणून महापालिकेने आतापासूनच तरुण अभियंते आणि चावीवाले नेमावेत, त्यांना कंपनीच्या माणसांबरोबर रोज गल्लीत पाठवावं, कमांड एरियांचे नकाशे आणि मीटरचे आकडे स्वतःच्या कार्यालयात ठेवावेत आणि दर वर्षी ते लोकांसमोर मांडावेत. आणि तुमच्या वॉर्डात पुढच्या वेळी कोणी मत मागायला आलं, तर नळाला पाणी किती वेळ येतं हे विचाराच, पण त्याबरोबर हेही विचारा: आमच्या जलकुंभाचा मीटर महापालिकेच्या वतीने कोण वाचतो?