मानशीची दारे

आमची कन्या हॉलंडातील वाखेनिंगेन विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकते. त्या देशाची सुमारे २६ टक्के भूमी समुद्रसपाटीखाली; बांध राखणारी जलमंडळे १३ व्या शतकापासूनची. तेथून तिने विचारले, "बाबा, आपल्या खाजनाची मानस भरतीच्या वेळी कोण मिटते?"

आम्ही निरुत्तर! त्याच खाजनाच्या बांधाचा दावा आम्ही नऊ वर्षे चालवीत आहोत. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा, याविषयीचे सारे कागद मुखोद्गत. मानस मात्र कधी पाहिली नव्हती.

रविवारी देवदर्शन आटोपून तिकडे गेलो. एक वृद्ध कुळवाडी म्हणाले, "दारे भरतीच लोटते, ओहोटीच उघडते. माणसाने फळ्या तेवढ्या राखायच्या."

फळ्या कुजल्या होत्या. शेतात खारे पाणी उभे होते.

भरती-ओहोटीचे उत्तर कन्येस त्याच रात्री कळविले. फळ्यांविषयी अद्याप लिहिलेले नाही.