चाचणीआधीची उजळणी

जव्हार

चि. भाचीस,


वाचन-लेखनाची उजळणी म्हणजे शिकवून झालेल्या धड्यांवरून घाईघाईने पुन्हा हात फिरवणे नव्हे. मूल आज कोणत्या पायरीवर उभे आहे हे पाहायचे आणि चाचणीच्या आत पुढची एक पायरी पक्की करून घ्यायची, एवढेच उजळणीचे काम. ते नमुना प्रश्नपत्रिका सोडवून घेऊन होत नाही. ज्याला प्रश्नच वाचता येत नाही, ते मूल फळ्यावरचे उत्तर वहीत उतरवते आणि वही भरलेली दिसते.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात, सूर्यमाळच्या आसपासच्या पाड्यांतही, दुसऱ्या सत्राच्या संकलित चाचणीआधी हा प्रश्न जास्त टोकदार होतो. भात, नागली, वरईची कापणी-झोडणी आटोपली, दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. काही शिमग्याला परततात, काही पाऊस तोंडावर आल्यावर. त्यामुळे एकाच वर्गात वर्षभर बसलेले मूल असते आणि चार महिने शाळेबाहेर राहून आलेलेही. हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड ही सोय याच मुलांसाठी आहे. पण कार्डावर मूल कितवीत आहे ते कळते, त्याला नेमके काय वाचता येते ते दर वेळी कळतेच असे नाही. आश्रमशाळेतल्या मुलाची हजेरी सहसा तुटत नाही. तिथे अडचण असते ती घरच्या बोलीची. वारली, कोकणा, कातकरी किंवा ठाकूर घरातून आलेल्या मुलाला पुस्तकातली मराठी बरेचदा पहिल्यांदा शाळेतच कानावर पडते.

म्हणून उजळणीची सुरुवात कानाने करावी लागते. एकेका मुलाला जवळ बसवून दोन-तीन मिनिटे मोठ्याने वाचायला लावायचे. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीची पद्धत यासाठी पुरेशी आहे: अक्षरे, सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि त्याहून मोठी गोष्ट. परिच्छेदापासून सुरुवात करायची. तो जमला तर गोष्ट द्यायची. अडखळला तर शब्दांवर, तिथेही अडला तर अक्षरांवर यायचे. पाचपैकी चार शब्द बरोबर आले की ती पायरी जमली. यावरून गट पाडायचे, आणि ते इयत्तेवरून नव्हे. चौथीतले मूल शब्दांच्या गटात बसले तर त्यात त्याची नामुष्की नाही. त्याला परिच्छेदाच्या गटात गप्प बसवून ठेवणे हा मात्र अन्याय आहे.

अक्षरांच्या गटात सगळी मुळाक्षरे पुन्हा घोकून घेण्यात दिवस घालवू नयेत. चूक ठरावीक जोड्यांतच होते: घ-ध, भ-म, थ-य, प-ष. ‘घर’चे ‘धर’ आणि ‘भात’चे ‘मात’ झाले की वाक्याचा अर्थच जातो, म्हणून या जोड्या शेजारी शेजारी लिहून वाचून घ्याव्यात. शब्दांच्या गटातला दोष वेगळा. ‘करवत’ हा शब्द मूल क, र, व, त असे सुटे उच्चारते आणि शेवटी काय वाचले ते विचारले तर गप्प राहते. अक्षरे ओळखता येतात, पण जोडता येत नाहीत. अशा मुलाला शब्द आधी ऐकवून मग दाखवला, आणि तो बोलण्यात येणारा असला, तर जोड लवकर बसते.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो ‘र’च्या रूपांना. ‘सूर्यमाळ’ हे गावाचे नाव मुलांनी येता-जाता पाटीवर पाहिलेले असते, तरी वाचताना ‘सुयर’ ऐकू येते. रफार दिसतो ‘य’च्या डोक्यावर, उच्चारायचा मात्र ‘य’च्या आधी, डोळा आणि जीभ यांचा क्रम इथे उलटतो. ‘वर्ग’, ‘पर्वत’, ‘गर्दी’ हे शब्द हळू बोलून, ‘र’ कुठे ऐकू आला ते मुलाकडूनच सांगून घ्यावे. त्यानंतर ‘चक्र’ आणि ‘ट्रक’, आणि शेवटी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. डहाणूच्या किनाऱ्यावर दर्या आहे, मोखाड्यात दऱ्या आहेत. लिहिण्यातला फरक एवढासा, पण एवढ्याने समुद्राच्या दऱ्या होतात. ही जोडी एकदा नीट समजली की मूल जोडाक्षराला घाबरत नाही.

वाचनाचा वेग हाही चाचणीचा भाग आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह, असे उद्दिष्ट ठेवले. ‘अर्थासह’ हा त्यातला महत्त्वाचा शब्द. घड्याळ लावून पळवलेले मूल ६० शब्द वाचते आणि गोष्टीत काय घडले ते सांगू शकत नाही. वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारावेत: एकाचे उत्तर मजकुरात सरळ सापडणारे, दुसऱ्याचे ‘असे का झाले’ या जातीचे. मुलाने उत्तर घरच्या बोलीत दिले तर ते बरोबर धरावे. अर्थ समजला आहे, हे त्यातून सिद्ध होते. प्रमाण मराठीतले वाक्य शिक्षिकेने म्हणून दाखवावे आणि मुलाने ते लिहावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, याच मुलखातल्या मुलांसाठी, शाळाच पाड्यावर आणि कुरणात नेली होती. मुलाचे घर आणि परिसर हीच शिकण्याची सामग्री, ही त्यांची दिशा आजच्या उजळणीलाही उपयोगी आहे.

लेखनाची उजळणी रोज तीन वाक्यांच्या श्रुतलेखनाने भागते. ‘सूर्यमाळच्या वाटेवर नागलीचे शेत आहे’ हे वाक्य घातले आणि एका वहीत ‘वटेवर’, दुसऱ्या वहीत ‘सुर्यमाळ’ आले, तर दोन्हीवर सारखीच लाल रेघ मारू नये. पहिल्या मुलाचा काना सुटला आहे. त्याला ‘वट’ आणि ‘वाट’ यांतला फरक ऐकवून पुन्हा लिहायला लावायला हवे. दुसऱ्याची चूक ऱ्हस्व-दीर्घाची आहे, आणि ती चाचणीच्या आठवड्यात बाजूला ठेवली तरी चालते. ‘ळ’च्या जागी ‘ल’ आला तर बोलीत तसा उच्चार आहे का, हे आधी पाहावे. श्रुतलेखन जमलेल्या गटाला चित्र देऊन स्वतःची दोन वाक्ये लिहायला सांगावीत. प्रश्नपत्रिकेतल्या लेखी प्रश्नांत फळ्याचा आधार नसतो, म्हणून ही सवय आधी लागायला हवी.

शेवटचे दोन दिवस नवे काही घेऊ नये. ‘जोड्या लावा’, ‘रिकाम्या जागा भरा’, ‘एका वाक्यात उत्तर लिहा’ या सूचना मुलांनी स्वतः वाचून त्याप्रमाणे एकेक प्रश्न करून दाखवला की पुरे. गणिताच्या शाब्दिक उदाहरणांचे वाचनही याच वेळी घ्यावे. बेरीज येणारी कितीतरी मुले तिथे वाचनामुळेच मागे पडतात.

चाचणी झाल्यावर गुणांच्या शेजारी प्रत्येक मुलाची वाचनाची पायरी लिहून ठेवावी, आणि येत्या दिवाळीनंतर जे कुटुंब भट्टीवर जाईल त्याच्या हमी कार्डाबरोबर त्या नोंदीची प्रत द्यावी, म्हणजे तिथल्या शाळेतल्या गुरुजींना त्या मुलाबाबत अक्षरापासून चाचपडावे लागणार नाही.

तुझा मामा