जवळची मेमरी, लांबची मेमरी

मोठ्या सर्व्हरचं दार उघडलं की बहुतेकांना आधी प्रोसेसर किती ते हवं असतं. मी आधी केबली बघतो. ही खोड मला सिलिकॉन ग्राफिक्सच्या ओरिजिन २००० ने लावली.

त्याच कंपनीचं १९९३चं चॅलेंज एका बसवर चालायचं. प्रोसेसर ३६ पर्यंत, पण मेमरीकडे जायची वाट एकच, सेकंदाला १.२ गिगाबाइटची. सगळ्या चाळीला एक नळ! १९९६च्या ओरिजिनमध्ये बसच नव्हती. दोन आर १०००० प्रोसेसर, त्यांच्या शेजारीच त्यांची मेमरी आणि सगळा व्यवहार सांभाळणारी हब चिप, असा एक नोड बोर्ड. एका मॉड्यूलमध्ये असे चार. मॉड्यूल राउटर आणि जाड केबलींनी जोडत १२८ प्रोसेसरांपर्यंत जाता यायचं. रचनाकार लॉडन आणि लेनोस्की हे दोघेही स्टॅनफर्डच्या डॅश प्रकल्पात तयार झालेले. ऑनिक्स २ हे ग्राफिक्सचं यंत्रही याच घराण्यातलं. मॉड्यूलमधल्या काही जागा इन्फिनिटरिॲलिटी या ग्राफिक्सच्या बोर्डांना दिल्या, एवढंच.

गोम मेमरीत होती. प्रोग्रामला ती सलग, एकच दिसायची. १२८ बाइटांच्या प्रत्येक तुकड्याची प्रत कोणाकडे आहे याची नोंद हार्डवेअर ठेवायचं, त्यामुळे उत्तर कधी चुकायचं नाही. वेळ मात्र सारखा लागायचा नाही. आपल्या नोडमधलं पटकन मिळणार, चार राउटरपलीकडचं उशिरा.

‘प्रोसेसर दुप्पट केले, वेग तेवढाच. तुमचं यंत्र बिघडलंय,’ ही तक्रार मी पुष्कळदा ऐकली. यंत्र बहुधा ठणठणीत असायचं. त्याच्या आयरिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा साधा नियम होता: मेमरीच्या पानाला जो प्रोसेसर पहिला हात लावेल, त्याच्या नोडमध्ये ते पान. लोक भल्यामोठ्या ॲरेमध्ये सुरुवातीची शून्यं एकाच प्रोसेसरकडून भरून घ्यायचे. झालं, सगळी पानं एका नोडमध्ये, आणि बाकीचे प्रोसेसर त्याच्या दारात. शून्य भरायचं लूपही सगळ्यांत वाटून द्या, एवढाच माझा उपाय. सुटे भाग घेऊन आलेल्या माणसाकडून हे ऐकायला कोणाला आवडत नाही.

२००० साली ओरिजिन ३००० आलं. प्रोसेसरांची सी-ब्रिक, राउटरची आर-ब्रिक, आय-ओची आय-ब्रिक. हवं ते स्वतंत्रपणे वाढवा. मला ही मांडणी जुन्या मॉड्यूलपेक्षा सरस वाटते. ग्राफिक्ससाठी नोड किंवा आय-ओसाठी प्रोसेसर उगाच विकत घ्यावे लागत नसत.

आज दोन सॉकेटच्या साध्या सर्व्हरमध्येही जवळची आणि लांबची मेमरी असते. तुमच्याकडे तसा लिनक्स सर्व्हर असेल, तर ‘न्यूमासीटीएल’ या कमांडला हार्डवेअरचा तक्ता विचारा. स्वतःच्या मेमरीसमोर १० दिसेल, दुसऱ्या सॉकेटच्या मेमरीसमोर त्याहून मोठा आकडा. नवे प्रोसेसर मागवण्याआधी तो तक्ता आणि आपलं शून्य भरायचं लूप, दोन्ही एकदा बघून घ्या.