पायापुरता प्रकाश

गाडीच्या अंतर्भागात दिव्यांच्या पट्ट्या बसवाव्यात ही कल्पना मूळची माझ्या पुतण्याची. धाराशिवच्या रस्त्यांवर लग्नाच्या वऱ्हाडांतून आणि भाड्याच्या गाड्यांतून हा निळा-जांभळा झगमगाट नित्य दिसतो, आणि तशीच एक अखंड रेषा आपल्या डॅशबोर्डाच्या कडेने फिरावी, असा त्याचा आग्रह होता. माझी निकड निराळी होती. भवानीमातेच्या चरणतीर्थाच्या पूजेस पोहोचावे म्हणून रात्र सरण्यापूर्वीच आम्ही तुळजापूरची वाट धरतो, त्या वेळी ऐंशीच्या घरातल्या माझ्या आईस गाडीत पाऊल कोठे टाकावे हे उमगत नाही. आणि तिच्या सोयीसाठी छताचा दिवा लावून ठेवावा, तर समोरच्या काचेत गाडीतलेच सारे उमटते आणि बाहेरचा रस्ता लोपतो.

हा रस्ता असा लोपणे आमच्या मुलखात परवडणारे नाही. नवरात्राच्या सुमारास गावोगावचे तरुण तुळजापुरात ज्योत पेटवून ती आपल्या गावापर्यंत धावत नेतात. अश्विनी पौर्णिमेस सोलापूरकडून भाविकांची रीघ रात्रभर पायी चाललेली असते. त्यांतल्या कित्येकांच्या हाती साधी बॅटरीही नसते. अंधारास डोळा पुरता सरावण्यास अर्धा तास लागतो, आणि हा सराव एका तीव्र प्रकाशाने क्षणात मोडतो. मंद प्रकाशात पाहणाऱ्या नेत्रपेशी निळ्या-हिरव्या प्रकाशाने अधिक उत्तेजित होतात, तांबड्या-नारिंगी प्रकाशाने फारच कमी. पुतण्याच्या आवडत्या निळ्याविषयी माझ्या मनात अनादर नाही. १९६२ मध्ये होलोन्याक या संशोधकाने डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारा डायोड (एलईडी) सिद्ध केला, परंतु लखलखीत निळा साधण्यास त्यानंतर तीन दशके लागली, आणि त्या साधनेबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु रात्री वाहन हाकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे निळ्याचे काम नाही, हे माझे मत मी सोडले नाही. पट्टी नारिंगी असावी आणि ती डॅशबोर्डाखाली, पायांच्या पातळीवर असावी, एवढे अखेर पुतण्याने मंजूर केले.

महामार्गालगतच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आम्ही गेलो. हा वयस्क मिस्त्री, मोटारींच्या तारांत आयुष्य घातलेला. सगळे त्याला चाचा म्हणतात. पुतण्याने तार थेट बॅटरीवरून ओढण्याचे सुचविताच चाचा म्हणाला, “बेटा, दिवा एवढासाच करंट खातो; पण मधे फ्यूज नसला आन् तार कुठं पत्र्याला घासली, तर गाडी जळायला वेळ लागत नाही.” त्याने फ्यूजपेटीतून सदैव वीज असलेली एक जागा टेस्टरने शोधून तेथे दोन अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज घातला. आमच्या जुन्या गाडीत दाराचा स्विच ऋण बाजू जोडतो. म्हणून पट्टीची धन तार या फ्यूजवरून आणि ऋण तार दाराच्या स्विचवरून घेतली की, दार उघडताच पायांशी उजेड पडावा आणि ते लागताच विझावा, हा बंदोबस्त वेगळ्या बटणावाचून होतो.

पट्टी कापण्याचे काम मी मागून घेतले. बारा व्होल्टच्या त्या पट्टीत तीन-तीन डायोड व एक रोधक असा एकेक गट असतो, आणि प्रत्येक गटाच्या शेवटी तांब्याच्या ठिपक्यांवर कात्रीची बारीक खूण छापलेली असते. तेथेच कापावे लागते, अन्यथा तेवढा गट अंधारात राहतो. अर्ध्या-अर्ध्या मीटरचे दोन तुकडे मिळून सव्वा अँपिअरच्या आतच वीज घेतात. चाचाने ठिपक्यांवर सोल्डरचा इवलासा थेंब टेकवला, तार क्षणभर धरली, फुंकर न घालता निवू दिली, आणि सांध्यावर स्लीव्ह चढवून तिला लायटरची धग दाखवली, तेव्हा ती तारेस कातडीसारखी चिकटली. पट्टीमागच्या गोंदावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. मराठवाड्याच्या वैशाखात उन्हात उभ्या गाडीच्या आत तो सुटतो आणि लोंबणारी पट्टी क्लचच्या पायात येते. म्हणून त्याने ॲल्युमिनियमची पन्हळ स्क्रूने बसवून पट्टी तीत घातली. तार उंबऱ्याच्या पट्टीखालून, आसनाच्या सरकत्या रुळांपासून दूर नेली, आणि दर वितीवर तिला बंध दिला. बाहेरून काहीच दिसत नसताना त्या वृद्ध माणसाने घेतलेली ही खबरदारी मला त्या साऱ्या प्रकाशाहून मोलाची वाटली.

नवरात्रात आम्ही तुळजापुरास गेलो. आईने दार उघडले, खाली पाहिले, आणि माझा हात न मागता पाऊल आत ठेवले. घाटात ज्योत घेऊन धावणारी मुले समोर आली ती पुतण्याला पुष्कळ अंतरावरूनच दिसली, आणि त्याने आपण होऊन गाडी कडेला घेतली. निळ्याचा हट्ट मात्र त्याने टाकलेला नाही. दिवाळीनंतर तो मागच्या आसनाखाली पुरवावयास माझी हरकत नाही, कारण तेथून त्याची झळक समोरच्या काचेवर येत नाही, याची खात्री मी त्याला रात्री चालकाच्या जागी बसवून करून घेणार आहे.