रंगाच्या आधी छप्पर, छपराच्या आधी हिस्सा

ईद जवळ आली की आमच्या मोहल्ल्यात रंगाऱ्याला फुरसत नसते. भिंतींना नवा रंग, दारांना नवे पडदे, पुढच्या खोलीत पीओपीचं छत. मुलीला बघायला पाहुणे येणार असले तरी हेच. पुढच्या खोलीवर पन्नास हजार खर्च करणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्याच घरांत मागच्या स्वयंपाकघरात पत्रा गळतो म्हणून पावसाळाभर बादली मांडलेली असते. रंग लावण्यात वाईट काही नाही. स्वच्छता आणि टापटीप हा आपल्या दीनचाच भाग आहे. पण घराचं मोल रंगाने वाढत नाही. ते वाढतं छपराने, पाण्याने, पायाने आणि कागदाने. आणि या गोष्टी वाटतात तेवढ्या महाग नाहीत, हे मी स्वतःच्या घरातल्या हिशेबावरून सांगू शकते.

आमचं घर नांदुऱ्यात. सासऱ्यांनी, म्हणजे अब्बांनी, 1987 साली बांधलेलं. पुढच्या भागावर स्लॅब, मागे स्वयंपाकघर आणि मोरीवर टिनाचे पत्रे. 2018 मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. पुण्याला राहणारे माझे थोरले दीर, भाईजान, म्हणाले, "पाडून नवं बांधा. पगारावर कर्ज मिळेल. नाहीतर विकून मोकळे व्हा." माझ्या मिस्टरांना व्याजाच्या वाटेला जायचं नव्हतं, आणि अम्मींना घर सोडायचं नव्हतं. राहता राहिली दुरुस्ती, तीही जमेल तशी, टप्प्याटप्प्याने.

गवंडी बोलावण्याआधी अम्मींनी सगळ्यांना बसवून एकच प्रश्न विचारला, "घर किसका है, पहले ये तो बोलो."

हा प्रश्न दुरुस्तीच्या लेखात कशाला, असं वाचकांना वाटेल. पण माझ्या मते दुरुस्तीची सुरुवात इथूनच होते. घर वडिलांच्या नावावर, वडील हयात नाहीत, आणि एक भाऊ त्यात पैसे घालतो आहे, अशी घरं आपल्याकडे किती तरी आहेत. दहा वर्षांनी विकायची वेळ आली की वाद सुरू होतो. वाढलेली किंमत कुणाची? पैसे घालणाऱ्याची की सगळ्या वारसांची? आणि या वादात बहिणींचं नाव बहुधा कुणी घेतही नाही.

सूरह अन्-निसामध्ये वारसांचे हिस्से ठरवून दिलेले आहेत. मुलंबाळं असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. आमच्याकडे अम्मी, दोन भाऊ आणि दोन बहिणी. घराचे 48 भाग धरले तर अम्मींचे 6, प्रत्येक भावाचे 14 आणि प्रत्येक बहिणीचे 7. गणित पाचवीच्या मुलाला जमेल असं आहे. अवघड असतं ते बोलणं.

माझ्या दोन्ही नणंदा, आपा आणि छोटी, एका सुरात म्हणाल्या, "हमको क्या करना उसका? घर तो तुम्हाराच है." हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं आणि ते ऐकून भावांना बरं वाटतं. पण बहीण ते बहुतेक वेळा आनंदाने बोलत नाही. हिस्सा मागितला तर माहेरचं दार बंद होईल, या भीतीने बोलते. मिस्टर त्यांना म्हणाले, "हिस्सा आधी तुमचा म्हणून लिहू या. मग ठेवायचा की विकायचा, ते तुम्ही ठरवा."

आम्ही गावातल्या दोन बांधकाम करणाऱ्यांना घर दाखवलं, दुय्यम निबंधक कार्यालयातला रेडी रेकनरचा दर पाहिला, आणि दुरुस्तीआधीची किंमत सर्वांच्या संमतीने नऊ लाख साठ हजार धरली. म्हणजे एका भागाचे वीस हजार. आपांना मुलाच्या शिक्षणासाठी पैशांची गरज होती. त्यांनी आपला हिस्सा आम्हाला दिला आणि एक लाख चाळीस हजार दोन वर्षांत घेतले. त्याचा दस्त नोंदणी करून घेतला. छोटी दोन दिवस विचार करून म्हणाली, "माझा हिस्सा घरातच राहू दे." भाईजानही तसंच म्हणाले. मग वारसनोंद केली आणि एक वही घातली. दुरुस्तीचा प्रत्येक खर्च त्या वहीत. कधी घर विकलं तर आधी हा खर्च वजा होईल, मग हिस्से होतील. पानाखाली सगळ्यांच्या सह्या.

पैशांची सोय भिशीची. आम्ही बारा जणी महिन्याला तीन हजार भरतो. वर्षातून एकदा 36,000 हातात येतात. तेवढ्यात बसेल तेवढंच काम त्या वर्षी करायचं, असं ठरवलं.

पहिल्या वर्षी छप्पर. आमचा भाग घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव इकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खोलीत सोडतो. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांना हा त्रास नव्हता. जाड मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर, त्यामुळे ऊन आत पोहोचायला संध्याकाळ व्हायची. आता ती घरं परत बांधता येत नाहीत, पण ऊन परत पाठवता येतं. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा तयार केला आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा चुना देण्याचं काम हाती घेतलं. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरणच आणलं. आम्ही स्लॅबच्या भेगा भरल्या, वर घासून घेतलं आणि चुन्यात पांढरं सिमेंट आणि थोडा फेविकॉल घालून दोन हात दिले. भेगांसकट खर्च नऊ हजार. दर वर्षी मार्चमध्ये एक हात पुन्हा द्यावा लागतो, ते मुलं हसतखेळत करतात. रात्री पंख्यातून गरम वाफ यायची, ती थांबली.

स्वयंपाकघराच्या पत्र्याला वरून पांढरा रंग दिला आणि खालून एक फूट जागा सोडून बांबूचे तट्टे बसवले. ओट्यापासून ते दूर आणि उंच आहेत, त्यामुळे आगीची धास्ती नाही. त्या मधल्या जागेतली गरम हवा बाहेर जावी म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंतींत वरच्या अंगाला सिमेंटच्या जाळ्या बसवल्या. गरम हवा वर चढते, तिला वरूनच वाट द्यायची, एवढंच हे शास्त्र. इजिप्तचे वास्तुविशारद हसन फतही यांनी 1940 च्या दशकात लक्सरजवळ गरीब कुटुंबांसाठी मातीची घरं बांधली, त्यांतही जाडी भिंत, अंगण आणि हवेची वाट यांवरच भर होता. आमचा खर्च सतरा हजार. रोजा ठेवून दुपारी चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बाईला विचारा, या सतरा हजारांचं मोल काय आहे.

दुसऱ्या वर्षी पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि आपल्या जिल्ह्यात पसरला आहे. अनेक ठिकाणी बोअरचं पाणी भांड्यावर पांढरा थर सोडतं, साबणाला फेस येत नाही. पावसाचं पाणी मात्र गोडं, आणि ते आपण नालीत सोडतो. हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमचा स्लॅब पाचशे चौरस फूट, म्हणजे सुमारे 46 चौरस मीटर. वर्षाला साडेसातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा भाग वाया गेला म्हटलं, तरी साडेसत्तावीस हजार लिटर. आम्ही स्लॅबला पाइप जोडून दोन हजार लिटरची टाकी ठेवली. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, मग जाळी लावून भरायचं. पावसाळाभर कपडे, भांडी आणि वुजू याच पाण्यावर. खर्च अठरा हजार.

वुजूचं पाणी वेगळ्या पाइपने अंगणातल्या लिंबाला नेलं आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्दमध्ये, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात, वुजू करत असत. नळ सोडून आपण किती वापरतो, हे एकदा नळाखाली बादली ठेवून मोजावं. मुलांना याहून चांगला धडा देता येणार नाही.

त्याच वर्षी पाया. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. घराच्या कडेला पाणी साचत राहिलं की पायाखालची माती हलते आणि भिंतीला तिरप्या भेगा जातात. मग लोक भेगेवर पुट्टी लावतात, रंग देतात, आणि पुढच्या वर्षी भेग पुन्हा हजर. आम्ही घराभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला सिमेंटचा पट्टा केला आणि टाकीचं वाहून जाणारं पाणी दूरच्या शोषखड्ड्यात सोडलं. ते शेजाऱ्यांच्या भिंतीकडे जाणार नाही, हे आधी पाहिलं. शेजाऱ्याचा हक्क बांधकामातही असतो. खर्च पंधरा हजार.

तिसऱ्या वर्षी न्हाणी आणि संडास. अम्मींचे गुडघे दुखतात. खाली बसायच्या भांड्यामुळे त्या पाणी कमी पीत होत्या, ही गोष्ट घरातल्या पुरुषांना माहीतच नव्हती. कमोड बसवलं, भिंतीला स्टीलचे दांडे लावले, खरबरीत फरशी घातली, उंबरा काढून उतार केला आणि आत-बाहेर दिवा लावला. तेहेतीस हजार. म्हातारपणी खुबा मोडला तर दवाखान्याचा खर्च याच्या कितीतरी पट होतो, आणि माणूस अंथरुणाला खिळतो ते वेगळंच.

चौथ्या वर्षी पुढच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने वेगळं दार, वेगळं वीज मीटर आणि कोपऱ्यात छोटी मोरी. तीस हजार. खोली भाड्याने गेली, महिना अडीच हजार. भाडं अम्मींच्या औषधपाण्याला द्यायचं, असं सगळ्या हिस्सेदारांनी ठरवलं.

एकूण खर्च एक लाख बावीस हजार, चार वर्षांत, एक रुपयाही व्याज न देता. काम संपल्यावर तेच दोघे बांधकामवाले पुन्हा येऊन पाहून गेले आणि चौदा लाख म्हणाले. यातला बराचसा भाग जागेच्या वाढलेल्या भावाचा आहे, तो आमच्या दुरुस्तीच्या खात्यात मी धरत नाही. पण त्यांनी विचारलेले प्रश्न ध्यानात ठेवण्यासारखे होते. स्लॅब गळतो का? पाण्याची सोय काय? भिंतीच्या भेगा जुन्या की नव्या? वारसनोंद झाली का, सगळ्यांची संमती आहे का? भिंतीचा रंग कोणत्या कंपनीचा, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

वाढलेल्या किमतीत छोटीचाही वाटा आहे, खर्च वजा जाता अठ्ठेचाळीसपैकी सात भागांचा. पूर्वी ती माहेरी आली की पाहुण्यासारखी एका बाजूला बसायची. परवा आली तेव्हा स्लॅबवर जाऊन चुना कुठे निघाला आहे ते पाहून आली आणि मला म्हणाली, "भाभी, या मार्चमध्ये दोन हात द्या. पैसे वहीत माझ्या नावावर लिहा."