शर्यत दिसते, कळत नाही



वार्तापत्राच्या संपादकांनी यंदा आमच्याकडे खेळांवर लेख मागितला. क्रिकेट, खो-खो, मल्लखांब यांवर आमच्याहून अधिकाराने लिहिणारी माणसे आपल्यात आहेत. म्हणून आम्ही जरा वेगळा विषय घेतो : मोटारींच्या शर्यती आणि त्यांचे कमी होत जाणारे प्रेक्षक. प्राचार्यांना या वयात हे काय सुचले, असे कोणी म्हणेल. विषय आमचा नाही, एका विद्यार्थ्याने दिलेला आहे. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातले, मराठी घरात कानांवर पडली तेवढीच. भाषेत चूकभूल असल्यास सांभाळून घ्यावे.

गोष्ट २२ जुलै २०२३ ची. शनिवार होता, शाळा नुकतीच सुटली होती. आठवीतला एक मुलगा ऑफिसच्या दाराशी घुटमळत होता. आत बोलावले तर म्हणाला, "सर, उद्या संध्याकाळी साडेसहाला हंगेरीची रेस आहे. शाळेच्या स्मार्ट बोर्डवर लावता येईल का?"

"का रे, घरी टीव्ही नाही?"

"आहे ना सर. पहिले टीव्हीवर यायची, आता नाही येत. वेगळे पैसे भरून बघावी लागते. पप्पा म्हणतात, एका खेळासाठी कशाला?"

वडील पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात. घरात जपून खर्च. आम्ही म्हणालो, "बाळा, शाळा म्हणजे टॉकीज नाही." तो हसला, पण जाता जाता म्हणाला, "एकट्याला बघायची असती तर कुठूनही बघितली असती सर. चार जण असले की मजा येते. पण वर्गात कोणाला माहीतच नाही."

आम्ही छान उत्तर दिले या समाधानात घरी गेलो. जेवताना मात्र त्याचे शेवटचे वाक्य आठवले आणि घास जरा अडकलाच.

मुलाचे म्हणणे खरे होते. फॉर्म्युला वन या सर्वांत मोठ्या मोटार शर्यतीचे भारतातले प्रक्षेपण वर्षानुवर्षे स्टार स्पोर्ट्सवर होत असे. ते २०२२ च्या मोसमाबरोबर संपले. २०२३ मध्ये शर्यत पाहायची तर फॉर्म्युला वनच्याच इंटरनेट सेवेचे पैसे भरावे लागत. २०२४ पासून हक्क फॅनकोड या ॲपकडे गेले. ज्याला आवड आहे तो पैसे भरून पाहतोच. पण रिमोट फिरवता फिरवता एखाद्या पोराला अवचित शर्यत दिसावी आणि त्याने तिथेच थांबावे, ही सोय गेली. नवा प्रेक्षक तर असाच अवचित येतो.

आम्ही स्वतः क्रिकेटचे प्रेक्षक कसे झालो? आमच्या लहानपणी कसोटी सामना म्हणजे ट्रान्झिस्टर. आपल्या इंदूरचे सुशील दोशी हिंदीतून 'आँखों देखा हाल' सांगत आणि चेंडू सीमारेषेकडे धावताना आम्हाला स्वयंपाकघरात दिसे. तिकडे महाराष्ट्रात बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठीत समालोचन करून क्रिकेट घराघरांत नेले. दोशींना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, होळकर स्टेडियममधल्या समालोचन कक्षाला त्यांचे नाव आहे. खेळाडूंच्या नावाचे स्टँड सगळीकडे असतात, सांगणाऱ्याच्या नावाची खोली आपल्या गावाने केली, याचे आम्हाला कौतुक वाटते. मैदान न पाहता आम्हाला गली कुठे आणि मिडऑन कुठे हे पाठ होते, कारण कोणीतरी आपल्या भाषेत न कंटाळता सांगत होते.

मोटार शर्यतीला असे सांगणारे आपल्याकडे कोणी लाभले नाही. याचा अनुभव आम्ही घरातच घेतला. रविवार, ३० ऑक्टोबर २०११. दिवाळी नुकतीच झालेली, घरात पाहुणे, ताटात उरलेला चिवडा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत. ५.१२५ किलोमीटरचा ट्रॅक, ६० फेऱ्या, २४ गाड्या. दुपारी तीनला आम्ही सगळ्यांना टीव्हीसमोर बसवले. त्यात आपला नारायण कार्तिकेयन होता. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला तो पहिला भारतीय.

शर्यत अर्धी झाली असेल. पडद्यावर नारायणची गाडी सेबॅस्टियन वेटेलच्या पुढे दिसली आणि आमच्या आईने टाळ्या वाजवल्या. "आपला मुलगा पहिला आला!" भाच्याने समजावले, आजी, वेटेल त्याच्यावर पूर्ण फेरी चढवायला आलाय, नारायण बराच मागे आहे. आईला पटेना. "पुढे दिसतोय तो मागे कसा?" इंग्रजी समालोचन तर ताशी तीनशे किलोमीटरने चाललेले. हळूहळू एकेक जण उठला. शेवटी भाचा आणि आम्ही एवढेच उरलो. वेटेल जिंकला, नारायण सतरावा आला. पण शेवटी काळा-पांढरा झेंडा फडकवायला सचिन तेंडुलकर उभा दिसला, तेव्हा "सचिन! सचिन!" म्हणत सगळे घर पुन्हा टीव्हीपुढे जमले. ओळखीचा एक चेहरा दिसताच दीड तासात उठून गेलेले प्रेक्षक क्षणात परत आले.

आईचा प्रश्न साधा होता, पण या खेळाच्या प्रक्षेपणाची खरी अडचण त्यात आहे. क्रिकेटमध्ये चेंडू एकच. कॅमेरा त्याच्या मागे गेला की खेळ दिसतो. शर्यतीत वीस-बावीस गाड्या पाच किलोमीटरवर पसरलेल्या. एका वळणावर कॅमेरा असताना दुसऱ्या वळणावर कोणी कोणाला मागे टाकतो. कोणाचे टायर बदलून झाले, कोणाचे बाकी आहेत, हे न कळले तर कोण पुढे हेही कळत नाही. म्हणून पडद्याच्या कडेला आकड्यांचा रकाना असतो. तो वाचायला शिकावे लागते, आणि शिकवणारा लागतो.

दुसरी अडचण जाहिरातींची. क्रिकेटमध्ये सहा चेंडूंनंतर आपोआप थांबा येतो, वाहिनीला तेवढ्यात साबण-तेल विकता येते. शर्यत मध्ये थांबत नाही. जाहिरात दाखवायची तर चालू शर्यत कापावी लागते. नेमकी त्याच वेळी चुरस झाली की प्रेक्षक चिडतो. तिसरी अडचण घड्याळाची. युरोपातली शर्यत आपल्याकडे संध्याकाळी, ऑस्ट्रेलियातली सकाळी, तर अमेरिकेतल्या कित्येक शर्यती रात्री उशिरा. मुलांना दुसऱ्या दिवशी शाळा असते.

ही केवळ भारताची कथा नाही. फॉर्म्युला वनने स्वतः जाहीर केलेल्या आकड्यांप्रमाणे २००८ मध्ये जगभरात त्यांचे सुमारे ६० कोटी प्रेक्षक होते, २०१४ मध्ये ते सुमारे ४२.५ कोटींवर आले. सहा वर्षांत चौथ्या हिश्शाहून अधिक घट. कारणे अनेक सांगतात, पण एक उघड आहे. ब्रिटनसारख्या देशांत, जिथे हा खेळ घरोघरी फुकट दिसत असे, तिथे तो पैसे भरण्याच्या वाहिन्यांकडे गेला. ब्रिटनमध्ये २०१२ पासून निम्म्या शर्यती आणि २०१९ पासून जवळजवळ सगळ्या थेट शर्यती अशा वाहिनीवर गेल्या. पैसे घेणारी वाहिनी हक्कांसाठी जास्त रक्कम मोजते, म्हणून आयोजक खूश. पण गाडीवर नाव रंगवणाऱ्या कंपनीला डोळे हवे असतात, आणि डोळेच कमी झाले. त्या वेळचे या खेळाचे सर्वेसर्वा बर्नी एक्लेस्टोन यांनी २०१४ मध्ये सांगून टाकले होते की त्यांना तरुण प्रेक्षकांमागे धावण्यात रस नाही, खिशात पैसा असलेला सत्तर वर्षांचा माणूस बरा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आजची मुले आली नाहीत तर उद्याचा सत्तर वर्षांचा प्रेक्षक कुठून आणायचा?

२०१७ मध्ये मालक बदलले. २०१९ पासून नेटफ्लिक्सवर चालकांच्या आयुष्यावर मालिका सुरू झाली. कोण कोणाचा मित्र, कोणाची नोकरी जाणार, कोण घरापासून दूर एकटा आहे, अशा गोष्टी त्यात होत्या. यंत्राआडचा माणूस दिसला आणि तरुण प्रेक्षक येऊ लागले. आमच्या आईला सचिन दिसला तेव्हा जे झाले, तेच थोड्या मोठ्या प्रमाणावर.

भारतात मात्र पाळेमुळे धरायला वेळच मिळाला नाही. हा खेळ आहे की करमणूक, यावरच वाद. २००९ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने तो करमणूक ठरवला होता. उत्तर प्रदेशातला करमणूक कर, सीमाशुल्क, कोर्टकचेऱ्या यांत २०११, २०१२, २०१३ अशा तीन शर्यती होऊन ग्रां प्री गेली. हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली, पुढच्या वर्षीची रद्द झाली. बुद्ध सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी झाली, २०२४ ची झाली नाही. प्रेक्षकाने सवय लावून घ्यावी तरी कशाची?

आणि गंमत पाहा, आपल्या इंदूरला गाड्यांचे वावडे नाही. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक आहे, २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. आशियातला सर्वांत लांब ट्रॅक म्हणून त्याची बातमी सगळीकडे छापून आली. तो चाचण्यांसाठी आहे, प्रेक्षकांसाठी नाही. त्याच पीथमपूरला २००७ पासून अनेक वर्षे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची 'बाहा' स्पर्धा भरत आली. मुले स्वतः गाडी बनवतात आणि खाचखळग्यांतून चार तास पळवतात. आम्ही एकदा पाहायला गेलो होतो. पुण्याकडच्या मुलांचे मराठी ऐकून बरे वाटले. पण धुळीत कोण पुढे, कोण मागे, काही उमजले नाही. तासाभरात परतलो. आईचे काय चुकले होते, हे त्या दिवशी आम्हाला समजायला हवे होते.

आता पुन्हा शाळेकडे येतो. डिसेंबर २०२३ च्या क्रीडादिनी आम्ही त्याच मुलाच्या हातात माईक दिला. खरे सांगायचे तर ती आमची भरपाई होती. आपले मैदान २०० मीटरचे. ४०० मीटरच्या शर्यतीत बाहेरच्या लेनमधली मुले पुढून सुटतात. दरवर्षी आजी-आजोबा त्यांनाच पुढे समजून टाळ्या वाजवतात आणि शेवटी नातू चौथा आला की पंचांवर रागावतात. या वेळी माईकवरून आवाज आला, "आजी-आजोबा, घाई करू नका. बाहेरचा पुढे दिसतोय, पण अजून पुढे नाही. वळण संपू द्या, मग खरा नंबर कळेल." मग एकेकाचे नाव, कोण सकाळी पाचला उठून पळतो, कोणाच्या पायाला गेल्या वर्षी प्लास्टर होते, हे सगळे मराठीत, मध्ये मध्ये आपली इंदुरी हिंदी. खुर्च्यांवरची मंडळी उठून दोरीपाशी आली. शर्यत दरवर्षीचीच होती. त्या दिवशी ती लोकांना कळली.

त्याच महिन्यात आमच्या टेबलावर एक प्रस्ताव होता. शनिवारचा मराठी परिपाठ बंद करून तो वेळ दुसऱ्या विषयाला द्यावा, कारण घरी मराठी बोलणारी मुले थोडी राहिली आणि बाकीच्यांना काही कळत नाही. प्रस्तावावर आमचीच सही होती, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. क्रीडादिनानंतर तो कागद पुन्हा वाचला तेव्हा आम्हाला ते वाहिन्यांचे गणित आठवले. प्रेक्षक कमी, म्हणून दाखवणे बंद. दाखवणे बंद, म्हणून प्रेक्षक आणखी कमी. मुलांना परिपाठ कळत नव्हता, कारण आम्ही तो फक्त म्हणून दाखवत होतो, उलगडून सांगत नव्हतो. तीस वर्षे शिकवून ही चूक आमच्या लक्षात आली नाही, याची खंत आहे.

जानेवारी २०२४ च्या बैठकीत आम्ही प्रस्ताव मागे घेतला. विश्वस्तांनी मुदत दिली, त्यांचे आभार. तेव्हापासून प्रत्येक अभंगाआधी, प्रत्येक सुविचाराआधी एक विद्यार्थी दोन वाक्यांत सांगतो की हे काय आहे आणि कोणाचे आहे. आधी मराठीत, मग हिंदीत. चमत्कार झाला असे म्हणणार नाही. पण मागच्या रांगेतली कुजबुज कमी झाली. घरी माळवी बोलणाऱ्या एका मुलीने मध्येच हात वर करून 'माउली'चा अर्थ विचारला. मुदत संपल्यावर विषय पुन्हा बैठकीत येणार आहे. तेव्हा केवळ डोकी मोजू नयेत, आपण या मुलांना किती सांगितले हेही मोजावे, एवढी आमची विश्वस्तांना नम्र विनंती आहे.

पालकांना एक विनंती. तुमचे मूल मोबाईलवर एकटेच काहीतरी पाहत असेल, मग ती मोटारींची शर्यत असो की आणखी काही, तर अर्धा तास शेजारी बसा. काही कळले नाही तरी चालेल. आमच्या आईसारखे विचारा, "पुढे दिसतोय तो मागे कसा?" मूल समजावून सांगेल. कदाचित आपल्या भाषेत सांगेल.

आणि विद्यार्थी मित्रहो, आजीला दोनदा सांगावे लागले तरी कंटाळू नका.

आपले,
प्राचार्य