श्वासाचा हिशेब

संपादक मंडळाने इतिहासाच्या शिक्षकाकडून इतिहासाचाच लेख अपेक्षिला असणार. आम्ही मात्र फुप्फुसावर लिहावयाचे ठरविले आहे, आणि त्यास कारण आहे.

काही वर्षांपूर्वी विज्ञानाचे शिक्षक रजेवर असताना सातवीचा वर्ग आमच्याकडे आला. त्या वर्गात तलासरीकडील एका पाड्यावरची मुलगी होती. पहाटेच्या आनापानाला ती सर्वांत स्थिर बसे. पण दौडीत नेहमी मागे पडे आणि जिन्यावर दोनदा थांबे. आम्ही तिला आळशी समजत होतो. एकदा सर्वांसमक्ष तसे बोललोही होतो. श्वसनाचा धडा संपल्यावर तिने विचारले, "सर, मीही सगळ्यांएवढाच श्वास घेते. मग मलाच का पुरत नाही?" 'ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर' एवढे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे पाठ करून घेतले होते. त्यात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. "पाहून सांगतो" म्हणालो, आणि पुस्तके उघडून बसलो.

डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत, त्यामुळे आमच्या मुलांना फुप्फुस म्हटले की फुगा आठवतो. पण फुगा आतून रिकामा असतो. फुप्फुसात श्वासनलिकेला फाट्यावर फाटे फुटत जातात, सुमारे २३ वेळा, आणि शेवटी लागतात ते वायुकोश. पुस्तकात त्यांच्यासाठी द्राक्षाचा घड काढलेला असतो. आम्ही फळ्यावर खजुरीचा घोस काढला. हे वायुकोश ३० कोटींहून अधिक असतात. त्यांचे पडदे उलगडून अंथरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे आमची वर्गखोली भरून व्हरांड्यातही येतील. पडद्याच्या पलीकडे केशवाहिनीतून रक्त वाहते. मधली भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ.

या भिंतीतून वायूंना ओढणारा किंवा ढकलणारा कोणीही नसतो, याचे आम्हांस सर्वाधिक नवल वाटले. पाणी उताराकडे जाते तसे वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातात. वायुकोशात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर, परतून आलेल्या रक्तात ४०. म्हणून तो रक्तात उतरतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब रक्तात ४६ आणि वायुकोशात ४०. त्याला सहाचा उतारही पुरतो, कारण तो या पडद्यातून ऑक्सिजनच्या सुमारे वीसपट सहजतेने जातो. रक्तपेशी या घाटावर जेमतेम पाऊण सेकंद असते आणि त्याच्या एक तृतीयांश वेळातच तिचा व्यवहार पुरा होतो.

येथवर त्या मुलीत काहीच उणे नव्हते. उणे होते ते पुढे. ऑक्सिजन रक्तात फारसा विरघळत नाही. १०० मिलिलिटर रक्त सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते, त्यातला विरघळलेला अवघा ०.३. उरलेला सारा हिमोग्लोबिनच्या पाठीवर असतो. बंदरात माल भरपूर उतरावा आणि हमालच थोडे असावेत, तशी तिची अवस्था होती.

आम्ही तिच्या आईला बोलावून घेतले. सरकारी दवाखान्यात आधी सोल्युबिलिटी चाचणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस झाले आणि निदान निघाले: सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच दुवा बदललेला असतो. ऑक्सिजन उतरवला की असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून ताठ होते आणि पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांत मोडते, वाटेत बारीक वाहिन्या अडवते, आणि मग हाडे दुखतात.

कोणाची करणी नाही, देवीचा कोप नाही, हे त्या आईला समजावून सांगण्यास बराच वेळ लागला. डहाणू-तलासरीच्या वारली आणि अन्य आदिवासी घरांत हा आजार आहे. विदर्भात आमच्या बौद्ध समाजातही आहे. पिढ्यान्पिढ्या हिवतापाच्या प्रदेशात राहिलेल्यांत तो टिकून राहिला, कारण त्याचा अर्धा वारसा, म्हणजे वाहक असणे, हिवतापापासून काहीसे संरक्षण देतो. वाहक बहुधा धडधाकट असतो. परंतु दोन्ही वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता चारात एक. लग्नाच्या वयाला आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी पत्रिकेऐवजी हा कागद जुळवावा, असे आम्ही स्पष्टच म्हणतो.

आम्ही इतिहासाच्या तासाला सांगत आलो की १९२७ साली महाडला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, पण हवेवर पहारा बसविणे कोणास जमले नाही. आता तेवढे ठामपणे सांगवत नाही. याच डहाणू तालुक्याला १९९१ साली केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविले, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमावे लागले. शिवाय त्या मुलीच्या कुडाच्या घरात, खिडकी नसलेल्या कोपऱ्यात, चूल होती. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आधीच हमाल थोडे, त्यांतल्या काहींच्या पाठीवर हे भलतेच ओझे. पुढच्या सुट्टीत तिच्या वडिलांनी चूल अंगणातल्या मांडवाखाली हलवली.

ज्या वर्गासमोर बोललो होतो, त्याच वर्गासमोर आम्ही तिची क्षमा मागितली. ती खाली मान घालून हसली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्यावयास आणि थंडीत अंग झाकावयास सांगितले. दौडीतून तिला सूट मिळाली आणि स्टॉपवॉच तिच्या हाती आले. दहावीपर्यंत ते तिच्याकडेच होते. आमच्या रोजच्या फेरीची वेळही ती न विचारता टिपून ठेवी, आणि उशीर झाला की मोठ्याने सांगे.